भोंगा : सहा महिन्यांच्या घराचं ओझं

वाघबारस झाली, नागली-वरई खळ्यावर आली, की मोखाडा आणि जव्हार तालुक्यांतल्या पाड्यापाड्यांवर एकच प्रश्न ऐकू येऊ लागतो : यंदा जगायला कुठं? ‘स्थलांतर’ हा शब्द सरकारी कागदावरचा. इथले लोक ‘जगायला जाणं’ म्हणतात. दिवाळीनंतर टेम्पो भरू लागतात. कोणी नाशिककडच्या द्राक्षबागांत जातं, कोणी बांधकामावर आणि बरीच कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याण, वाडा, शहापूर या भागांतल्या वीटभट्ट्यांवर. या जाण्याबद्दल मजुरी, उचल, मुलांची शाळा, कुपोषण अशा अंगांनी पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणि ते लिहायलाच हवं होतं. या लेखात मी त्यातल्या एका बारीकशा गोष्टीकडे पाहणार आहे. भट्टीवर पोचल्यावर ही माणसं पहिल्या दिवशी काय बांधतात? पुढचे सहा महिने ज्यात राहायचं ते घर कशाचं असतं, आणि तसंच का असतं?

या घराला भोंगा म्हणतात. शहरातल्या वाचकाला भोंगा म्हटलं की गिरणीचा आठवेल, हा वेगळा. कमरेइतक्या किंवा छातीइतक्या उंचीच्या, नुसत्या रचलेल्या विटांच्या भिंती, वर चार-सहा बांबू आणि त्यावर पेंढा, झावळ्या किंवा प्लास्टिक, असा हा आडोसा. वसईच्या ‘विधायक संसद’ या संस्थेने १९९० च्या दशकात वीटभट्टीवरच्या मुलांसाठी ‘भोंगा शाळा’ सुरू केल्या, तेव्हा हा शब्द वर्तमानपत्रांत आला. ती शाळाही भोंग्यातच भरायची. भट्टी जिथे, तिथे शाळा, हीच तर तिची कल्पना होती.

हंगामापुरतं घर बांधणाऱ्या कोणालाही एक प्रश्न चुकत नाही. सुखाने राहता यावं असं बांधावं, की सहज नेता-आणता यावं असं? दोन्ही एकत्र फारसं साधत नाही. ऊब हवी तर जाडी हवी, जाडी आली की वजन आलं. डोकं न वाकवता उभं राहायचं असेल तर उंची हवी, आणि उंची आली की वारा आला. हा प्रश्न मोखाड्याच्या माणसाला भट्टीवर जाऊन पडतो असं मुळीच नाही. तो त्याने पिढ्यान्‌पिढ्या आपल्या शेतात सोडवलेला आहे, तेही फार चांगल्या तऱ्हेने.

इरलं घ्या. बांबूच्या बारीक कामट्यांचा विणलेला सांगाडा, दोन थरांत दाबून बसवलेली पानं, डोक्यापासून पाठीवर उतरत गुडघ्यामागे संपणारी ती होडीसारखी पाठ. आवणी करताना माणूस दिवसभर वाकलेला असतो, दोन्ही हात चिखलात असतात. छत्री इथे निरुपयोगी. इरलं म्हणजे पाठीवर घेऊन चालायचं घरच, एका माणसाचं. पानाचं इरलं आत ऊबदार असतं, पावसाचा मार त्यात अंगाला लागत नाही. पण दिवसभराच्या झडीत ते भिजून जड होतं आणि संध्याकाळी मान बोलू लागते. प्लास्टिकचं हलकं आणि स्वस्त. मात्र आतून घाम सुटतो, आणि वारा आला की ते फडफडून अंगाशी राहत नाही. आज शेतात पाहाल तर बहुतेकांच्या पाठीवर प्लास्टिकच दिसेल. काहींनी सांगाडा बांबूचाच ठेवून वर प्लास्टिक ओढलं आहे. ही तडजोड मला फार शहाणपणाची वाटते. सांगाड्यामुळे प्लास्टिक अंगापासून दूर राहतं, मधून वारा फिरतो, आणि वजनही वाढत नाही. भोंग्याच्या छपराकडे आपण येऊ तेव्हा हे इरलं लक्षात असू द्यावं.

शेतातला माळाही असाच. पीक तयार झालं की रानडुकरं आणि पाखरं राखायला चार खांबांवर उभारलेली ही माच. तिच्यावर एक माणूस झोपेल एवढीच जागा, वर पेंढ्याचं पातळ छप्पर. माळा सुखाचा केला तर राखणदार झोपी जाईल, असं थट्टेने म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. महिनाभराच्या कामाला महिनाभराचंच घर पुरतं.

आणि मग राहतं घर. इथलं जुनं घर कुडाचं. मेढी म्हणजे मुख्य खांब सागाचे किंवा ऐनाचे. भिंत कारवीच्या काठ्या शेजारी शेजारी उभ्या करून बांधलेली, तिला आतून-बाहेरून शेणमातीचा लेप. कारवी आपल्या सह्याद्रीत साधारण आठ वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि वाळते. तिच्या सरळ, हलक्या काठ्या भिंतीला अगदी जोगत्या. कुडाची भिंत चार बोटांचीही नसते, पण ती कोंडत नाही. वर माळ्यावर धान्य आणि सरपण. चुलीचा धूर त्यातून फिरून छपरातून बाहेर पडतो आणि जाताजाता धान्याला कीड लागू देत नाही. वारली चित्रं म्हणून आज जगभर जी ओळखली जातात ती मुळात अशाच कुडाच्या, गेरूने सारवलेल्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने काढलेली. सांगायचं एवढंच, की भट्टीवरचा भोंगा ज्यांनी बांधला त्यांना घर बांधता येत नव्हतं असं कोणी समजू नये. त्यांना येतं. भोंगा तसा का असतो याचं उत्तर त्यांच्या कसबात शोधू नये.

हाच प्रश्न अगदी वेगळ्या हवेत कसा सोडवला जातो ते पाहण्याजोगं आहे. अमेरिकेच्या उत्तरेला मिनेसोटा राज्यात हिवाळ्यात तळी गोठतात आणि लोक त्या बर्फावर झोपड्या नेऊन, बर्फाला भोक पाडून, आत बसून मासे धरतात. मिल लॅक्स नावाच्या मोठ्या तळ्यावर तर हिवाळ्यापुरतं गावच वसतं. तिथे दोन पंथ आहेत. एक कापडी झोपडीवाल्यांचा : घसरगाडीवर टाकली, ओढत नेली, मासे लागत नाहीत असं दिसलं की उचलून दुसरीकडे. दुसरा लाकडी झोपडीवाल्यांचा : आत शेगडी, झोपायला फळी, भिंतीत उष्णतारोधक थर, पण ती हलवायला गाडी लागते, म्हणून एकदा मांडली की तिथेच. वजनाला मर्यादा घालतो तो बर्फ. पायी चालणाऱ्या माणसाला निदान चार इंच जाडीचा स्वच्छ बर्फ हवा, मोटारीला त्याच्या दुप्पट-तिप्पट, असं तिथलं सरकारी खातं सांगतं. मार्चमध्ये ठरलेल्या तारखेच्या आत झोपडी बर्फावरून काढावीच लागते. शेगडी पेटवली की हवेला वाट ठेवावी लागते, नाहीतर कोंडलेल्या विषारी वायूने माणूस झोपेतच जातो.

मोखाड्यात बर्फ नाही आणि भट्टीवर कोणी हौसेने जात नाही. तरीही या तुलनेतून मला एक मोजपट्टी मिळाली. हंगामी घराचं वजन कशाने ठरतं ते पाहायचं, आणि ते ओझं कोण उचलतं ते पाहायचं. बर्फावर ज्याला सुख हवं तोच ओझं ओढतो, त्यामुळे जड की हलकं हा निवाडा त्याच्या मनाचा असतो. भोंग्याच्या बाबतीत हा हिशेब वेगळाच लागतो.

आकड्यांत मांडू. समजा, भोंगा आतून दहा फूट लांब आणि आठ फूट रुंद आहे, भिंत चार फूट उंच आणि एका विटेच्या रुंदीची आहे. घेर छत्तीस फूट. दारासाठी अडीच फूट सोडले तर साडेतेहतीस. नऊ इंच लांब आणि तीन इंच उंच वीट धरली तर अशा भिंतीला सातशेच्या वर विटा लागतात. एक वीट तीन किलोची धरली तरी भिंतींचं वजन दोन टनांपुढे जातं. आता छप्पर पाहा. त्यावर टाकायचं प्लास्टिक दोन-तीन किलोचं. त्याऐवजी चार इंच जाडीचा पेंढा घातला तर शंभर किलोच्या आसपास, शिवाय भारा एवढा मोठा की टेम्पोत निम्मी जागा त्यालाच.

म्हणजे भोंगा हे एकाच वेळी फार जड आणि फार हलकं घर आहे. जड भाग भट्टीवरच मिळतो. हलका भाग घरून न्यावा लागतो. टेम्पोत काय जातं ते पाहिलं की हे चटकन कळतं : भांडी, घागर, नागली-तांदळाचं गाठोडं, गोधड्या, कोंबड्या, कोयता-कुदळ, एखादी बाज असली तर बाज, आणि घडी घातलेलं प्लास्टिक. माणसं त्याच टेम्पोत, मुलं गाठोड्यांवर. अशा टेम्पोत पेंढ्याचा भारा कोण घेईल? बर्फाची जाडी तिथे जे ठरवते ते इथे टेम्पोचा हौदा ठरवतो.

ऊसतोड कामगारांच्या कोपीशी तुलना केली तर हे आणखी स्पष्ट होतं. बीड आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्या तोडणीवाल्यांची कोपी सगळीच हलकी : वाकवलेल्या बांबूच्या कामट्या, त्यावर ताट्या किंवा चटया, वर कागद. फड बदलला, गाव बदललं की कोपी उपटून गाडीवर टाकायची. मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगराचं बिऱ्हाड तर घोड्याच्या पाठीवर मावतं. त्यांना भिंतही उचलावी लागते, म्हणून ते भिंत हलकी करतात. वीटभट्टीवरचं कुटुंब एकदा उतरलं की उन्हाळा संपेपर्यंत तिथेच, आणि हाताशी विटांचा ढीग. त्यामुळे तिथे भिंत विटेची होणं साहजिक आहे. अडचण भिंतीची नाही. ती आहे छपराची, जमिनीची आणि वेळेची.

छपरापासून सुरुवात करू. मोखाडा-जव्हारचं पठार समुद्रसपाटीपासून चौदा-पंधराशे फुटांवर. तिथून माणसं उतरतात ती जवळजवळ खाडीच्या पातळीवरच्या सपाट माळावर, जिथे भट्टीसाठी झाडं आधीच काढलेली असतात. पौष-माघात रात्री गार, फाल्गुनापासून दिवस भाजणारे. काळं किंवा निळं प्लास्टिक ऊन्ह खातं आणि दुपारपर्यंत इतकं तापतं की हात लावता येत नाही. आता भोंग्याची उंची आठवा. भिंत चार फुटांची, मधला आढ्याचा बांबू सहा-सात फुटांवर. बसलेल्या माणसाच्या डोक्यापासून हे तापलेलं प्लास्टिक हाताच्या अंतरावर असतं. तव्याखाली बसल्यासारखी ती धग सरळ डोक्यावर उतरते. बाहेर सावलीत जेवढं गरम असतं त्याहून आत जास्त होतं ते यामुळे.

रात्री याच्या उलट. उघड्या आकाशाखाली पातळ प्लास्टिक भराभर निवतं, भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं. आत पाच माणसं झोपलेली. झोपेत श्वासावाटे आणि त्वचेवाटे माणूस सतत ओलावा सोडत असतो. पाच जणांचा मिळून रात्रभरात लिटरभर तरी होतो. तो वर जाऊन थंड प्लास्टिकला चिकटतो आणि पहाटे थेंबाथेंबाने खाली पडतो. थंडीच्या दिवसांत भोंग्यातली गोधडी सकाळी ओलसर का लागते, बाहेर पाऊस नसताना, याचं कारण हे. तान्ह्या मुलांचा खोकला हटत नाही त्यालाही एक हातभार इथून लागत असणार.

पेंढा या दोन्हींवर उपाय आहे. पेंढ्याच्या काड्या पोकळ, काड्यांमध्येही हवा अडकलेली. उष्णता वाहून नेण्यात पेंढा विटेपेक्षा कितीतरी मंद. दुपारी वरचं ऊन्ह खाली पोचत नाही, रात्री आतली बाजू तितकी निवत नाही, आणि थोडा ओलावा तो स्वतःच धरून ठेवतो. प्लास्टिकखाली नुसता चार बोटं पेंढा असला तरी फरक जाणवतो. इरल्याचंच तत्त्व : मधे अंतर, मधे हवा. वसईच्या बाजूला झावळ्या मिळतात तिथे हे सहज होतं. इतरत्र पेंढ्याला पैसे पडतात, कारण भिवंडी-वाड्याकडच्या भातशेतीचा पेंढा गुरांसाठी आणि गवतवाल्यांसाठी विकला जातो. स्वतःच्या गावी खळ्यावर पेंढा पडून असतो आणि इथे तो विकत घ्यावा लागतो. घेतलाच तर आग ही आणखी एक धास्ती. भट्टीजवळ पेंढ्याचं छप्पर म्हणजे रात्री डोळ्यात तेल घालून राहणं.

भिंतीबद्दल एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. हंगामाच्या सुरुवातीला भट्टी अजून लागलेली नसते, त्यामुळे भाजलेल्या विटा हाताशी असतातच असं नाही. मागच्या वर्षीचे तुकडे, रोडे मिळाले तर ठीक. नाहीतर कच्च्या, उन्हात वाळवलेल्या विटा रचतात. कच्ची वीट म्हणजे वाळलेला गाराच. पाणी लागलं की ती मऊ पडते, खालचा थर खचला की वरचा कोसळतो. हिवाळ्यात इथे पाऊस नसतो हे खरं, पण गेल्या काही वर्षांत ते गृहीत धरता येत नाही. २०२१ च्या डिसेंबरच्या आरंभी ठाणे-पालघर पट्ट्यात अवकाळी पाऊस झाला. त्याच वर्षी १७ मे रोजी तौक्ते वादळ या किनाऱ्याला घासून गेलं. अवकाळी पावसाच्या बातम्यांत कच्च्या विटांच्या नुकसानीचे आकडे येतात. त्याच विटांच्या भिंतीआड झोपलेल्यांचं काय झालं याला क्वचित जागा मिळते. खालचे तीन-चार थर भाजलेल्या विटांचे असले आणि भोंग्याभोवती वीतभर खोल चर असला तर ही भिंत पावसात टिकते. त्याला शे-दोनशे भाजलेल्या विटा लागतील. लाखांनी विटा पाडणाऱ्या भट्टीवर हा आकडा किती, ते वाचकांनीच ठरवावं.

सांधे बुजवायचे की नाहीत, हाही एक प्रश्नच. रचलेल्या विटांच्या फटींतून थंडीत वारा येतो, म्हणून आतून लिंपण करावंसं वाटतं. लिंपलं की ऊब राहते, पण चूल आत असेल तर धूरही राहतो. प्लास्टिकच्या छपरातून कुडाच्या घरासारखा तो वर निघून जात नाही. बर्फावरच्या झोपडीतला शेगडीचा धोका इथे या रूपात भेटतो. उलट फटी तशाच ठेवल्या तर विंचवाला हक्काची जागा. कोकणपट्टीत विंचूदंश ही लहान गोष्ट नाही, महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवण्याआधी या दंशाने किती लेकरं जात होती ते जुने लोक सांगतात. मण्यार तर जमिनीवर झोपलेल्या माणसालाच रात्री डसते, आणि दंश बऱ्याचदा कळतही नाही. जाणत्या बाया यातून वाट काढतात ती अशी : झोपायच्या बाजूची भिंत गुडघ्याएवढी लिंपून घेतात, वरच्या फटी मोकळ्या ठेवतात, आणि चूल दाराबाहेर तीन विटांवर मांडतात. जिथे विटा मागता येतात तिथे झोपण्यापुरता दोन थरांचा ओटा करतात. ओट्याच्या कडांना सत्तर-ऐंशी विटा पुरतात. एवढ्यावर पाच माणसं जमिनीच्या ओलीपासून आणि सरपटणाऱ्यापासून सहा इंच वर येतात. माझ्या मते भोंग्यात करता येण्याजोग्या सगळ्या सुधारणांत ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची आहे.

मग सगळेच असं का करत नाहीत? इथे वेळेचा हिशेब येतो. वीट पाडण्याची मजुरी हजारी विटांवर. नवरा-बायको मिळून, मुलांचा हातभार धरून, दिवसाला हजाराच्या आसपास विटा पाडतात. त्यासाठी मध्यरात्रीनंतर उठून गारा तुडवायला लागतात. पावसाळ्यात घरात धान्य संपतं तेव्हा घेतलेली उचल डोक्यावर असते, दर आठवड्याची खावटी त्याच हिशेबात चढत असते. अशा वेळी भोंगा बांधण्यात गेलेला प्रत्येक दिवस म्हणजे हजार विटांची मजुरी गेली. ओटा, लिंपण, चर, पेंढा यांना आणखी दोन-तीन दिवस लागतील. ते दिवस कोणाच्या खात्यात? बर्फावरचा माणूस सुटीचे दिवस घालून झोपडी सजवतो. इथे सुखाची किंमत विटांत मोजली जाते. म्हणून एका दिवसात उभा राहील तो भोंगा, असं ठरतं, आणि मग ‘आहे ते चार महिन्यांपुरतं तर आहे’ असं म्हणत सहा महिने काढले जातात. मधे शिमग्याला चार दिवस गावी जाऊन आलं की तेवढाच खरा विसावा.

जमिनीचंही तसंच. भोंग्यांची ओळ कुठे लागायची हे शेठ किंवा मुकादम दाखवतो. ती जागा बहुधा मातीच्या खड्ड्याच्या काठची किंवा भट्टीच्या वाऱ्याखालची, कारण चांगली सपाट जागा विटा पाडायला लागते. दार कोणत्या दिशेला करायचं एवढंच कुटुंबाच्या हातात राहतं. ते बरेच जण नीट करतात : दार उत्तरेला किंवा पूर्वेला, म्हणजे दुपारचं ऊन्ह आत येत नाही. न्हाणीसाठी आडोसा म्हणजे जुनी साडी आणि चार काठ्या. बाई बाळंत होणार असेल तर त्याच आठ फुटांत.

कायद्याने काय दिलं होतं, तेही पाहू. १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी जो कायदा झाला त्यात मजुरांना योग्य निवारा देण्याची जबाबदारी ठेकेदारावर टाकलेली होती. पण तो, नावाप्रमाणेच, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेलेल्या मजुरांचा. मोखाड्याहून भिवंडीला जाणारं कुटुंब शंभर किलोमीटरच्या आसपास जातं, घाट उतरतं, बोली बदलते, हवा बदलते, मुलांची शाळा सुटते. राज्याची सीमा तेवढी ओलांडत नाही. त्यामुळे त्या कायद्याच्या लेखी ते स्थलांतरित नव्हतंच. (याच मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ २०१४ साली मध्य वैतरणा धरण पुरं झालं आणि तिथलं पाणी मुंबईला जातं. पाण्याला जाण्यासाठी जलवाहिनी बांधून मिळाली आहे, हे लिहिण्याचा मोह आवरत नाही.)

अधूनमधून या प्रश्नावर आराखडे काढणारे येतात. घडीची झोपडी, छत्रीसारखी उघडणारी झोपडी, पाठीवर नेता येईल अशी झोपडी. हेतू चांगला असतो आणि चित्रं देखणी असतात. पण त्यातल्या बहुतेकांनी वजन हाच एक शत्रू धरलेला असतो. घर दहा किलोंवरून पाच किलोंवर आणलं की त्यांना जिंकल्यासारखं वाटतं. भट्टीवर भिंतीला लागणारा दोन टन माल फुकट पडलेला असतो. तिथे हलक्या भिंतीचं कोणाला काय? हवं आहे ते जाड छप्पर, कोरडी जमीन, आणि ते करायला दोन दिवस. कुटुंबाच्या गाठोड्यात आणखी एक वस्तू वाढवणं हा तर उलटा रस्ता झाला. मला विचाराल तर घरून नेण्याजोगी एकच गोष्ट सुचवेन, आणि ती कुणी परक्याने शोधलेली नाही : कुडाच्या किंवा बांबूच्या पातळ विणीची गुंडाळून नेता येणारी ताटी. छपराच्या बांबूंवर ती पसरून तिच्यावर मिळेल ते पातेरं, गवत, तूस भरलेल्या गोणी टाकायच्या आणि सगळ्यात वर प्लास्टिक. ताटी टेम्पोच्या टपावर बांधता येते, हंगाम संपला की परत येते, आणि पावसाळ्यात घराच्या पश्चिमेच्या भिंतीला आडोसा म्हणून लागते.

बाकीचं भट्टीवरच व्हायला हवं. उचलीची बोलणी भाद्रपदाच्या आगेमागे होतात. हजारी दर काय, खावटी किती, उचल किती, एवढंच तिथे बोललं जातं; भोंग्याचा विषय निघत नाही, कारण तो ज्याचा त्याने बांधायचा असं दोन्ही बाजूंनी धरलेलं असतं. त्याच बैठकीत आणखी चार गोष्टी मागता येतील : प्रत्येक भोंग्याला तीनशे भाजलेल्या विटा, म्हणजे खालचे थर आणि ओटा निघेल, पेंढ्याचे किंवा झावळ्यांचे भारे, खड्ड्यापासून आणि भट्टीच्या धुरापासून दूरची जागा, आणि पहिले दोन दिवस खावटीसह, उचलीत न धरता. विटा तर हंगाम संपल्यावर शेठला परतच मिळतात. भोंगे मोडले की भिंतीतल्या कच्च्या विटा शेवटच्या भट्टीत रचल्या जातात, भाजलेल्या थेट गाडीत भरल्या जातात, आणि कुटुंब प्लास्टिकची घडी घालून मृगाच्या आत राब भाजायला, पेरायला घरी येतं.